हू-इजची स्क्रिप्ट गप्प बसली आणि हळदवाल्यांचं डोमेन गेलं. आता काय वापरायचं?

सांगलीचा_क्रॉन

मंडळी, नमस्कार. मदत हवी आहे, आणि थोडं मनही मोकळं करायचं आहे, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

सांगलीत आमचं तीन माणसांचं ऑफिस आहे. डॉक्टर, शाळा, बेदाण्याचे व्यापारी, दोन मंगल कार्यालयं, एक वाचनालय अशा लोकांच्या वेबसाइट, मेल आणि डोमेन आम्ही बघतो. एकूण २१२ डोमेन. कुणाचं कधी संपतंय हे बघायला एक बॅश स्क्रिप्ट आहे. माझ्या आधी जो मुलगा इथं होता त्यानं २०१२ साली लिहिली आणि तो पुण्याला गेला. रोज रात्री अडीचला ती क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) उठते, यादीतल्या एकेका नावासाठी हू-इज, म्हणजे डोमेनची माहिती सांगणारी जुनी सेवा, चालवते, एक्स्पायरीची ओळ शोधून काढते, तीस दिवसांपेक्षा कमी राहिले असतील तर मला मेल टाकते. इतकी वर्षं बिनबोभाट चाललं होतं. चालत्या गाडीला खीळ कशाला घाला, म्हणून मीही कधी उघडून बघितली नाही.

गेल्या महिन्यात सकाळी पावणेनऊला मार्केट यार्डातून आमच्या हळदवाल्यांचा फोन. "साहेब, दोन दिवसांत एक मेल नाही आला. सौदे चालू आहेत, तमिळनाडूची पार्टी म्हणते चार वेळा पाठवलं, परत येतंय." साइट उघडली तर त्यांच्या हळदीऐवजी कसल्यातरी जाहिरातींचं पान. डोमेन संपून नऊ दिवस झाले होते. डॉट कॉम नाही, डॉट इनही नाही. त्यांच्या पुतण्यानं २०१९ मध्ये स्वस्तात मिळतंय म्हणून नव्या शेपट्यांपैकी एक घेतली होती.

पैसे भरले, संध्याकाळपर्यंत सगळं परत आलं. थोडक्यात वाचलो. पण दोन दिवसांत आलेलं जे परत गेलं ते गेलंच. शेठ मला काही बोलले नाहीत, चहा मागवला. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारची आठवणीची पत्रं? ती त्या पुण्याला गेलेल्या मुलाच्या जुन्या मेलबॉक्सवर जात होती. तो मेलबॉक्स मीच बंद केलेला.

मग स्क्रिप्ट उघडली. हातानं हू-इज चालवलं तर त्या शेपटीचा सर्व्हर जोडणीच घेईना. आणि स्क्रिप्टमध्ये एक ओळ सापडली, कॉमेंटसकट: "इनला कधीकधी रिकामं येतं, सोडून दे." म्हणजे तारीख रिकामी असली की पुढच्या नावावर जा. ना चूक, ना लॉग, ना मेल. यादी पुन्हा चालवून मोजलं, २१२ पैकी ४१ नावं अशीच सोडली जात होती. ती ४१ मी त्याच रात्री एकेक करून रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये जाऊन तपासली, त्यामुळे सध्या आग लागलेली नाही.

आता प्रश्न. हू-इज खरंच बंद झालंय का? झालं असेल तर माझी बाकीची १७१ नावं कशी चालतात? त्यातली नव्वदेक डॉट इन आणि डॉट को डॉट इन आहेत, त्यांचं काय? सर्व्हरवर घुसू पाहणाऱ्यांना अडवणाऱ्या फेल-टू-बॅनचे जे मेल येतात त्यातही हू-इजचा मजकूर असतो, तोही जाणार का? आणि महिन्याला पैसे देऊन सेवा घेण्याइतका आमचा धंदा नाही. बॅशमध्ये भागेल असं सांगा.


बायनरी_बाबा

हू-इज जानेवारी २०२५ मध्येच गेलं. त्याच्या जागी आलेलं आरडीएपी वापरा. गूगलवर सगळं आहे.


सांगलीचा_क्रॉन

बाबा, आभार. गूगल करूनच इथं आलोय.


पोर्ट_त्रेचाळीस

बाबांचं उत्तर निम्मं बरोबर आहे, आणि अशा कामात निम्मं बरोबरच जास्त घात करतं.

मी पुण्यात एका इंटरनेट पुरवठादाराकडे वीसेक वर्षं रात्रपाळीसकट काढली आहेत, माझं इथलं टोपणनावच हू-इजच्या पोर्ट ४३ वरून आहे, तेव्हा मला यात जरा भावना आहेत. पण मुद्द्याचं आधी.

हू-इज "बंद केलं" नाही. त्याची सक्ती उठली. आयकॅन ही जगभरच्या डोमेन-नावांचे नियम ठरवणारी संस्था. तिच्याशी करार असलेल्या रजिस्ट्री (एकेका शेपटीची नोंदवही सांभाळणाऱ्या) आणि रजिस्ट्रार (गिऱ्हाइकाला नाव विकणारे), म्हणजे कॉम, नेट, ऑर्ग आणि तुमच्या हळदवाल्यांसारख्या त्या शेकडो नव्या शेपट्या, यांना २८ जानेवारी २०२५ पर्यंत पोर्ट ४३ वर हू-इज चालवणं बंधनकारक होतं. त्या तारखेनंतर बंधन फक्त आरडीएपीचं. हू-इज ठेवायचं तर ठेवा, नाही तर नको. त्यामुळे कुणी लगेच बंद केलं, कुणी अजून चालवतंय, आणि जे चालवतायत ते उद्या बंद करतील तेव्हा तुम्हाला पत्र पाठवणार नाहीत. तुमची ४१ गेली आणि १७१ राहिली याचं कारण इतकंच. पुढच्या वर्षी हा आकडा वेगळा असेल.

डॉट इन हा देशाचा कोड आहे, तो निक्सी या भारतातल्या संस्थेकडे. देशांच्या शेपट्यांना आयकॅनचा तो करार लागू नाही, म्हणून ती तारीखही लागू नाही. त्यांचं ते ठरवतात. फेल-टू-बॅनमध्ये येतो तो आयपी पत्त्यांचा हू-इज, तो आयपी पत्ते वाटणाऱ्या एपनिक, राइप, अ‍ॅरिन यांच्याकडून येतो. त्यांचाही या तारखेशी संबंध नाही. तिकडे तूर्त हात लावू नका.

आता हू-इजबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या स्क्रिप्टमधली ती ओळ त्या मुलानं आळसानं लिहिलेली नाही. हू-इज १९८२ चं, आरएफसी ८१२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे कागद). तेव्हा ती अर्पानेटवरच्या माणसांची टेलिफोन डिरेक्टरी होती. आजही लागू असलेली आरएफसी ३९१२, २००४ ची, जेमतेम चार-पाच पानांची आहे आणि तिचा सारांश एवढाच: एक ओळ पाठवा, मजकूर येईल, जोडणी तुटेल. मजकुरात काय असावं, तारीख कशी लिहावी, यावर चकार शब्द नाही. म्हणून कुणी "एक्स्पायरी डेट" लिहितं, कुणी "पेड टिल", कुणी दिवस आधी, कुणी महिना आधी. पण त्याहून वाईट म्हणजे हू-इजमध्ये चुकीचा कोडच नाही. "असं नाव नाही", "तुम्ही फार वेळा विचारलंत", "आमचा डेटाबेस पडलाय", या तिन्ही गोष्टी साध्या मजकुरात येतात, किंवा काहीच न येता जोडणी तुटते. रिकामं आलं तर त्याचा अर्थ काय, हे त्या मुलाला कळायला मार्गच नव्हता. मी त्याच्या जागी असते तर मीही तीच ओळ लिहिली असती. फक्त सोडलेल्या नावांचा आकडा मेलमध्ये टाकला असता.

आरडीएपीत हे सुटलंय. तो साधा एचटीटीपीएस आहे, उत्तर जेसन या ठरीव साच्यात. नाव सापडलं तर २००, नसेल तर ४०४, जास्त विचारलं तर ४२९. मला विचाराल तर बाकी सगळ्या सुधारणा एकीकडे आणि हे तीन आकडे एकीकडे.

कसं करायचं ते सांगते. मोबाइलवर मराठी कीबोर्डानं लिहितेय, कमांड तुम्ही रोमनमध्ये उतरवून घ्या.

आधी प्रश्न येतो की कुठल्या शेपटीचा सर्व्हर कुठला. त्यासाठी आयाना, म्हणजे शेपट्यांची मुख्य नोंद ठेवणारी संस्था, एक जेसन फाइल ठेवते: डेटा डॉट आयाना डॉट ऑर्ग, मग आरडीएपी हे फोल्डर, मग डीएनएस डॉट जेसन. त्यात शेपट्यांचे गट आणि प्रत्येक गटापुढे सर्व्हरचा पत्ता. ही फाइल रोज एकदाच उतरवा आणि डिस्कवर ठेवा, प्रत्येक नावामागे नको. उतरली नाही तर कालची वापरा. सर्व्हरचा पत्ता मिळाला की त्यापुढे "डोमेन", तिरकी रेघ आणि नाव. कॉमसाठी ते आरडीएपी डॉट व्हेरिसाइन डॉट कॉम, कॉम, व्ही-वन, डोमेन आणि मग तुमचं नाव असं होतं. पान उतरवणाऱ्या कर्ल कमांडला मोठा एल द्या म्हणजे दुसरीकडे पाठवलं तर मागे जाईल, वेळेची मर्यादा द्या, आणि एचटीटीपी कोड वेगळा पकडा. कोड न बघता नुसतं जेसन वाचणाऱ्या जेक्यूला दिलंत तर नव्या बाटलीत तीच जुनी स्क्रिप्ट होईल.

तारीख "इव्हेंट्स" नावाच्या यादीत असते. जिची इव्हेंट-अ‍ॅक्शन "एक्स्पायरेशन" आहे तिची इव्हेंट-डेट घ्या. तारीख सगळीकडे एकाच साच्यात, आधी वर्ष, शेवटी बहुतेक वेळा झेड, म्हणजे यूटीसी. आपल्यासाठी साडेपाच तास मिळवा, नाही तर उद्या संपणारं आज संपतंय असं वाटायचं.

शेपटी त्या आयानाच्या फाइलमध्ये नसेल तरच जुन्या हू-इजकडे जा. इनसाठी हातानं काही ठरवू नका, फाइलमध्ये आहे की नाही ते स्क्रिप्टलाच बघू दे. म्हणजे उद्या कुणी आलं-गेलं तर तुम्हाला उठावं लागणार नाही.

आणि दोन नावांमध्ये एक-दोन सेकंद थांबा. २१२ नावांना सात मिनिटं लागली तर रात्री अडीचला कुणाचं काय बिघडतंय? ४२९ आलं तर पुन्हा अर्ध्या तासानं विचारा, तिथल्या तिथं ठोकत बसू नका.


सांगलीचा_क्रॉन

ताई, मनापासून आभार. "त्याच्या जागी असते तर मीही" हे वाचून त्या मुलाला आज फोन केला, गेला महिना मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

एक शंका. जुनी स्क्रिप्ट "क्लायंटहोल्ड" (रजिस्ट्रारनं नाव बंद ठेवल्याची खूण) हा शब्दही शोधते, तो असला की लगेच मेल. लॅपटॉपवरून आरडीएपीत बघितलं तर जे नाव मला माहीत आहे की होल्डवर आहे, त्यालाही हा शब्द सापडत नाही. आणि मालकाचं नाव कुठंच दिसत नाही, ते मीच काहीतरी चुकतोय का?


पोर्ट_त्रेचाळीस

शब्द आहे, पण तो आरडीएपीत मोडून लिहितात: "क्लायंट", मोकळी जागा, "होल्ड", सगळं छोट्या अक्षरांत. हू-इजमध्ये जोडून, मधे मोठं एच. यात माझीही एक संध्याकाळ गेली आहे.

मालकाचं नाव आरडीएपीमुळे गेलेलं नाही, ते आधीच गेलं होतं. मे २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर, म्हणजे खासगी माहितीचा कायदा, लागू झाला तेव्हा आयकॅननं तात्पुरता नियम काढला आणि तेव्हापासून बहुतेक ठिकाणी तिथं पडदाच असतो. पोलीस, वकील यांच्यासाठी अर्ज करायची वेगळी सोय आहे. तुम्हाला ते नाव लागतही नाही, तुमचे मालक तुम्हाला फोन करतातच.

पण तुम्ही स्थितीचे शब्द शोधताय यावरून आठवलं, काल लिहायचं राहिलं. ते तारखेपेक्षाही महत्त्वाचं आहे.

समजा डोमेन १० मार्चला संपलं आणि कुणी पैसे भरले नाहीत. ११ मार्चला रजिस्ट्रीला विचारलंत तर काय तारीख दिसेल? बहुतेक जेनेरिक (म्हणजे देशांच्या नसलेल्या) शेपट्यांत पुढच्या वर्षीची १० मार्च. रजिस्ट्री आपोआप वर्षभरानं पुढे ढकलते आणि रजिस्ट्रारच्या खात्यावर लावते. रजिस्ट्रारला ४५ दिवसांपर्यंत मुभा असते: गिऱ्हाइकानं पैसे दिले तर ठीक, नाही तर तो नाव काढून टाकतो आणि रजिस्ट्रीकडून पैसे परत घेतो. म्हणजे या दीड महिन्यात बाहेरच्या जगाला तारीख पुढच्या वर्षीची दिसते, आणि तुमचं गिऱ्हाईक मात्र दाराबाहेर उभं असतं. तुमच्या हळदवाल्यांना हू-इज चालू असतं तरी, संपल्यानंतर स्क्रिप्टनं "३५६ दिवस बाकी" म्हणून पाठ थोपटली असती.

खूण एकच. स्थितीमध्ये "ऑटो रिन्यू पिरियड" असे शब्द येतात. हे दिसले की तारीख कितीही लांबची असो, लाल मेल. आता रजिस्ट्रारनं पैसे आधीच घेतले असले तरी हे शब्द काही दिवस राहतात, त्यामुळे खोटी घंटाही वाजेल. वाजू दे. पॅनेल उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

नाव खरंच काढलं गेलं तर पुढे "रिडेम्प्शन पिरियड", तीस दिवस. सोडवून घेता येतं पण दंड भरून, आणि तो रजिस्ट्रार सांगेल तो. त्यानंतर पाच दिवस "पेंडिंग डिलीट", तेव्हा काहीच करता येत नाही, नुसतं बघत बसायचं. सहाव्या दिवशी जो पहिला पोचेल त्याचं.

आणि ती आठवणीची पत्रं. आयकॅनच्या नियमानं रजिस्ट्रारला संपण्याआधी साधारण महिनाभर एक, आठवडाभर आधी एक, आणि संपल्यावर पाच दिवसांत एक पाठवावंच लागतं. ते पाठवतात. आपण ती वाचता येतील असा पत्ता दिलेला असायला हवा. तो पत्ता त्याच डोमेनवरचा तर मुळीच नको, डोमेन गेलं की शेवटचं पत्रही गेलं. माझ्या पाहण्यात निम्मी प्रकरणं या एका गोष्टीची असतात.


वेगळ्या_गल्लीतला

इचलकरंजीहून. एका सहकारी बँकेच्या आयटीत आहे. विषय थोडा बाजूचा, पण क्रॉनराव, तुमच्याकडे एखादी पतसंस्था किंवा बँक असेल तर वाचा.

रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये परिपत्रक काढलं आणि सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं. ही नावं फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग-तंत्रज्ञान संस्थेकडूनच मिळतात. आम्ही गेलो. दगदग झाली ती वेगळी गोष्ट. गेल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये प्रश्न आला, "आता जुन्या डोमेनचे पैसे कशाला भरायचे?"

मी त्यांना डॉट मोबीची गोष्ट सांगितली. डॉट मोबीचा हू-इज सर्व्हर पूर्वी एका डोमेनवर होता, नंतर दुसरीकडे हलवला. जुनं डोमेन कुणी चालू ठेवलं नाही, ते संपलं. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये वॉचटॉवर या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी ते वीस डॉलरला विकत घेतलं आणि तिथं स्वतःचा हू-इज सर्व्हर लावला. सहज बघू, कुणी येतंय का म्हणून. थोड्याच दिवसांत १,३५,००० हून जास्त यंत्रं विचारायला आली, २५ लाख प्रश्न. त्यात सरकारी मेल सर्व्हर होते, सुरक्षा कंपन्या होत्या, आणि सगळ्यात अवघड म्हणजे प्रमाणपत्रं देणाऱ्या काही संस्था होत्या. "या डोमेनचा मालक कोण, त्याचा ईमेल काय" हे त्या संस्था हू-इजला विचारायच्या आणि त्या ईमेलवर खात्री करून साइट खरी असल्याचं एसएसएल प्रमाणपत्र द्यायच्या. म्हणजे वीस डॉलरवाला माणूस मालक म्हणून स्वतःचा ईमेल सांगू शकत होता. त्यांनी तसं प्रमाणपत्र घेतलं नाही, जगाला सांगितलं. मग प्रमाणपत्रवाल्यांच्या मंचानं नियमच बदलला: १५ जुलै २०२५ पासून हू-इजमधल्या ईमेलवर विसंबायचं नाही.

हे ऐकल्यावर चेअरमन म्हणाले, जुन्याचे दहा वर्षांचे एकदम भरून टाका. आयुष्यात पहिल्यांदा आमचं बजेट न मागता पास झालं.

क्रॉनराव, तुमचं कुणी अजून "हू-इजवरच्या ईमेलला दुवा येईल" या भरवशावर प्रमाणपत्र नव्याने घेत असेल तर त्यालाही सांगा. आता डीएनएसमध्ये नोंद टाकून खात्री करतात, तेच बरं.


ऱ्हाइनकाठचा_मिरजकर

मी मूळचा मिरजेचा, सध्या ड्यूसेलडॉर्फ. गावाकडचं नाव दिसलं म्हणून थांबलो.

एक खाचखळगा सांगतो. इथल्या डॉट डीईला संपण्याची तारीख बाहेरून दिसतच नाही. हू-इजला विचारा, स्थिती कळते, शेवटचा बदल कधी झाला ते कळतं. कधी संपणार, ते फक्त तुम्हाला आणि ज्याच्याकडून घेतलं त्याला ठाऊक. इथं नवीन होतो तेव्हा स्क्रिप्टमध्ये रेजेक्स (मजकूर शोधायचा नमुना) बदलून बदलून मी एक आख्खा रविवार घालवला होता, माझंच चुकतंय असं वाटून. नसलेली ओळ शोधत होतो.

तेव्हापासून माझ्याकडे साधी फाइल असते: नाव, कुठून घेतलं, बिलाप्रमाणे तारीख, कुणाच्या कार्डावर. स्क्रिप्ट बाहेरून येणारी तारीख या फाइलशी ताडून बघते. बाहेरची तारीख एकदम वर्षानं पुढे सरकली आणि फाइलमध्ये मी बिल चढवलं नसेल, तर बोंब मारते. ताईंनी सांगितलेलं ऑटो रिन्यूचं प्रकरण यात आपोआप सापडतं.

बाकी यंदा सौदा काय दरानं निघाला? आई विचारतेय.


पोर्ट_त्रेचाळीस

मिरजकरांची फाइल माझ्या सगळ्या उत्तरापेक्षा कामाची आहे. ती आधी करा.

अजून एक, लहानसं. रोज मेल आला पाहिजे, काही नसलं तरी. किती विचारली, किती उत्तरं आली, किती आली नाहीत, एवढ्या तीन आकड्यांचा. ज्या दिवशी मेलच येणार नाही त्या दिवशी क्रॉनच मेला असं समजायचं. तीस दिवसांत काही संपत नसेल तर गप्प बसणारी स्क्रिप्ट आणि मेलेली स्क्रिप्ट यांत बाहेरून काही फरक नसतो.

आणि तुमच्या वाचनालयाचं नाव डॉट भारतमध्ये असेल तर यादीत देवनागरी ठेवू नका. एक्सएन आणि दोन डॅशनं सुरू होणारं रूप ठेवा. आयानाच्या फाइलमध्ये शेपट्या त्याच रूपात असतात.


सांगलीचा_क्रॉन

वाचनालयाचं डॉट भारतच आहे. तुम्हाला कसं कळलं?

सविस्तर सांगतो, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत.

शनिवारी बसून नवी स्क्रिप्ट लिहिली. लॅपटॉपवर चालवली, छान. "सोडून दे" ची ओळ काढली, कॉमेंट मात्र ठेवली, आठवण म्हणून. ऑफिसच्या सर्व्हरवर चढवली. रविवारी सकाळी मेल बघितला: विचारली २१२, उत्तरं ०, उत्तर नाही २१२.

दोन तास डोकं खाजवलं. मग कळलं. त्या सर्व्हरवर बाहेर जायला फायरवॉलमध्ये पोर्ट ४३ सगळीकडे उघडं होतं, त्या मुलानंच उघडलेलं, या स्क्रिप्टसाठी. एचटीटीपीएसचं पोर्ट ४४३ मात्र फक्त अपडेटच्या दोन सर्व्हरना. नवी स्क्रिप्ट घराबाहेर पाऊलच टाकू शकत नव्हती. ताई, तो तीन आकड्यांचा मेल नसता तर मी खुशाल झोपलो असतो, मागच्यासारखाच.

४४३ उघडलं. आजचा मेल: विचारली २१२, उत्तरं २०६. एकाला ४०४, ते एका बंद पडलेल्या लॉजचं नाव निघालं, दोन वर्षांपूर्वीच सोडलेलं, यादीत उगाच होतं. दोन ठिकाणी ४२९, थांबायची वेळ वाढवतो. तिघांचं उत्तर वेळेत आलं नाही, ती तिन्ही हू-इजकडे गेलेली, त्यांची नावं आता मेलमध्ये येतात.

मिरजकर, आपली फाइलही केली. बिलं शोधून शोधून २१२ तारखा भरायला बायकोनं मदत केली, त्यात ११ ठिकाणी पत्रव्यवहाराचा ईमेल त्याच डोमेनवरचा सापडला. ते बदलतोय. दर शेठना विचारून कळवतो, आईंना सांगा.

आणि एक नाव लालमध्ये आलं. एका शाळेचं, डॉट ऑर्ग. रजिस्ट्रीत तारीख पुढच्या वर्षीची, स्थितीत "ऑटो रिन्यू पिरियड", आणि फाइलमध्ये बिल नाही. पॅनेल उघडलं: पैसे बाकी, संपून १२ दिवस. साइट अजून चालू आहे म्हणून कुणाला पत्ता नाही. लगेच सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, संस्थेच्या चेकवर दोन सह्या लागतात, मीटिंग शनिवारी आहे. मी म्हटलं, मी भरतो, नंतर द्या. तर म्हणाले, "अहो पण मी आत्ता इंटरनेटवर बघितलं, तारीख पुढच्या वर्षीची दाखवतंय. घाई काय आहे?"

आता त्यांना शाळेत जाऊन समजावतो. दुपारी साडेतीनला मधली सुट्टी असते.